निळ्या कंपनीचा सत्कार

कडुबा भीमनगरात आला, मनकर्णाबाईच्या बाजेवर बसला आणि तिच्या हातचा चहा प्यायला. शेंद्र्यात ही बातमी दिवेलागणीच्या आत घरोघर पोचली. त्याच्या घरातल्या कुणीही आजवर त्या गल्लीत पाण्याला तोंड लावलं नव्हतं. तो गेल्यावर मनकर्णाबाईनं कप उचलून बघितला, चहा टाकला होता का ते. टाकला नव्हता. म्हातारा तळापर्यंत प्यायला होता. तिनं तो कप दिवसभर तसाच खिडकीत ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना दिसावा म्हणून.

त्या चहाची किंमत पुढं तिच्या पोरीनं मोजली.

पोरगी म्हणजे तनुजा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेली, निळ्या कंपनीत क्वालिटीला लागलेली. कंपनीचं खरं नाव परदेशी, जिभेला अडकणारं. शेडचा पत्रा निळा म्हणून शेंद्र्यापासून करमाडपर्यंत सगळे तिला निळी कंपनीच म्हणतात. तनुजाचं काम सुटे भाग तपासायचं. गेज लावायचा, बसला तर माल पुढं, नाही बसला तर लाल पेटीत. ती अजून कंत्राटी ट्रेनी होती. दिवाळीनंतर पर्मनंट करू, असं तिच्या साहेबानं तोंडी सांगितलं होतं. भीमनगरातली एकही बाई त्या कंपनीत कधी पर्मनंट झाली नव्हती. झाडणाऱ्या होत्या, कॅन्टीनची भांडी घासणाऱ्या होत्या, पण त्या ठेकेदाराच्या. तनुजाला पर्मनंट व्हायचं होतं. बाकी काही नको होतं. त्यासाठी ती अंगात ताप घेऊन ड्युटीला गेली होती आणि सुपरवायझरचे घाणेरडे विनोद मान खाली घालून ऐकले होते.

कडुबाचं निराळं होतं. कंपनीचं पेंट शॉप उभं आहे तिथं त्याची ज्वारी व्हायची. जमीन गेली, पैसा आला, माडी चढली, दारात गाडी आली. कंपनीत मात्र घरातलं कुणी लागलं नाही, कारण नातू विश्वजीत बारावीनंतर कशातच टिकला नाही. मग ठेके मिळावेत म्हणून गावानं एकदा गेट अडवलं, दगड गेले, काचा फुटल्या, आणि तेव्हापासून कंपनीनं जमीनवाल्यांना आत घेणं बंद केलं. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, मशिनींची पूजा असते तेव्हा गेट उघडतं. त्या दिवशी प्रत्येक कामगाराला घरच्या दोघांचे पास मिळतात. फक्त घरच्यांचे.

म्हणून कडुबा चहा प्यायला.

बोलणं त्याच्याबरोबर आलेल्या विश्वजीतनं केलं. आबाच्या रानात कंपनी उभी राहिली, पण आबानं ती आतून कधी बघितली नाही, असं म्हणाला. नव्या प्लांट हेड साहेबाला गावातर्फे शाल-नारळ द्यायचा, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. कडुबानं मान हलवली. त्याला खरंच बघायचं होतं. नातवाच्या पोटात काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तनुजा म्हणाली, पास घरच्यांचाच निघतो, आणि मला माय-बापाला न्यायचंय. तिचा बाप पुंजाराम भिंतीला टेकून उभा होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बाजेवर तो बसला नव्हता, कारण कडुबा बसला होता. तोच म्हणाला, आमचं काय, आम्ही पुढच्या साली बघू. मनकर्णाबाई पोरीकडं अशी बघत होती की नाही म्हणायची सोयच उरली नाही. तनुजानं पासाच्या अर्जावर नाती लिहिली. कडुबा, आजोबा. विश्वजीत, भाऊ.

विश्वजीत वाचून हसला. "घे. नातं जुळलं आपलं."

आपल्याकडं सत्कार हा आजार आहे. बदलून आलेला तलाठी असो, बदलून चाललेला फौजदार असो, की नुसता कुणाचा तरी पाहुणा असो. शाल, नारळ, फेटा आणि हातात एक सन्मानचिन्ह. त्या सन्मानचिन्हावर काय लिहिलंय ते देणारा वाचत नाही, घेणारा वाचत नाही आणि टाळ्या वाजवणारे तर नाहीच नाही. फोटो निघाला की ते कपाटावर जातं आणि धूळ खातं. प्लांट हेड राघवन साहेब चेन्नईकडचा, नुकताच आलेला. ॲडमिनवाल्यांनी त्याला पढवून ठेवलं होतं, इथली माणसं काही द्यायला आली तर नाही म्हणू नका, चिडतात. त्यानं झेंडूच्या माळा घातलेल्या मशिनीसमोर मान वाकवली आणि कडुबानं थरथरत्या हातांनी त्याला फेटा बांधला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. इथंच कुठंतरी माझी विहीर होती, असं तो तनुजाला सांगत होता, पण बोट कुठं दाखवावं ते त्याला कळेना. सगळीकडं एकसारखी फरशी होती.

तेवढ्यात विश्वजीतनं पिशवीतून काचेचं सन्मानचिन्ह काढलं, साहेबाच्या एका हातात दिलं, दुसरा हात आपल्या हातात घेतला आणि मागं कंपनीचं नाव येईल असा उभा राहिला. मोबाईल तनुजाकडं दिला. तिनं फोटो काढला. पहिल्यात साहेबाचे डोळे मिटले होते, म्हणून तिनं दुसरा काढला. काचेवर सोनेरी अक्षरं होती. तिनं ती वाचली नाहीत. तीही याच मातीतली.

दसरा झाला आणि तो फोटो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर आला. 'निळी कंपनी आणि शिवार कॉइन: ऐतिहासिक भागीदारी.' काच मोठी करून दाखवली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'जागतिक भागीदारी करार'. प्लांट हेड फेटा बांधून, तो करार छातीशी धरून, लाजल्यासारखा हसत होता.

शिवार कॉइन म्हणजे विश्वजीतचा धंदा. मोबाईलमधलं नाणं, हातात धरता न येणारं. मुकुंदवाडीत स्टेशनजवळ एका मोबाईलच्या दुकानावर त्यानं ऑफिस थाटलं होतं, एसी लावला होता आणि भिंतीवर भागीदारांची चिन्हं चिकटवली होती. ज्या कंपनीची ईमेल तो वापरायचा ती टेक्नॉलॉजी पार्टनर. ज्या बँकेत त्याचं बचत खातं ती बँकिंग पार्टनर. ज्या कुरिअरनं टी-शर्ट आले ती लॉजिस्टिक पार्टनर. त्यांतल्या एकालाही हा माणूस जगात आहे हे माहीत नव्हतं. पण भिंत भरली होती आणि लोक भिंत बघून पैसे देत होते. तरी शेंद्र्यातली माणसं बिचकत होती, कारण ती चिन्हं लांबची होती. निळी कंपनी लांबची नव्हती. तिचा भोंगा रोज ऐकू यायचा. कंपनी आता ठेकेदारांची बिलं याच कॉइनमध्ये देणार, कॅन्टीनला हाच चालणार, असं पसरलं. कुणी पसरवलं ते विचारायचं कारण नाही.

भीमनगरात मनकर्णाबाई बचत गटाची अध्यक्ष. गटातल्या बाया तनुजाला विचारायला लागल्या. शेजारची केसरबाई तर वाटेत हात धरून उभी राहिली. खरं का गं, तू तर आतच असती. तनुजा म्हणाली, मला ठाऊक नाही. खोटं बोलली. तिला ठाऊक होतं. पण ती दिवाळीची वाट बघत होती.

एका रविवारी मात्र ती मुकुंदवाडीला गेली. विश्वजीत फिरत्या खुर्चीत बसला होता. त्यानं तिच्यासाठी कोल्ड्रिंक मागवलं.

"दादा, ते पोस्टर काढा," ती म्हणाली.

"का? खोटं काय हाय त्यात? साहेब खोटा? फेटा खोटा? आबाचे हात खोटे?"

"करार कुठं झाला?"

"काचेवर लिव्हलंय की. साहेबानं हातात घेतलं, हसला, नाय म्हणला नाय. आजून काय पायजे?" तो पुढं झुकला. "तू तिकडं गेज लावती ना, बसलं का नाय बसलं? हिकडं गेज नसतो. लोकांना बसलं की बसलं."

तिनं सांगितलं की ती कंपनीत जाऊन सांगेल. विश्वजीत चिडला नाही. त्यानं बाटलीत स्ट्रॉ घालून तिच्याकडं सरकवली. "सांग ना. सांग, माह्या आजोबानं अन् माह्या भावानं केलं. अर्जावर सही कोणाची हाय?"

ती घरी आली आणि गप्प राहिली. एवढ्यावर थांबलं असतं तर ती आज पर्मनंट असती, आणि तिच्या गल्लीतल्या बाया नागवल्या गेल्या असत्या, आणि तिनं पगाराच्या दिवशी मायला साडी आणली असती. असं जगणारे पुष्कळ आहेत. त्यांना रात्री झोपही लागते.

पण मनकर्णाबाईनं जेवताना सांगितलं की करमाडजवळच्या लॉन्सवर विश्वजीतचा मोठा कार्यक्रम आहे आणि बचत गट तिथं सगळी जमा घालणार आहे. सगळ्या बायांचं ठरलंय. सरूबाईनं पोरीच्या बाळंतपणाला ठेवलेलंही काढलंय. तनुजा म्हणाली, घालू नको. माय म्हणाली, का? तनुजाला 'का'चं उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर द्यायचं तर पासाचं सांगावं लागत होतं, आणि तो पास मायच्याच नजरेखातर निघाला होता.

कार्यक्रमाला ती ड्युटीवरून थेट गेली, अंगात कंपनीचा निळा शर्ट तसाच. स्टेजवर सोफा, सोफ्यावर कडुबा, डोक्याला फेटा. बाहेर टेबलं मांडून विश्वजीतची पोरं पैसे घ्यायला बसली होती. बाया करार खरा का म्हणून विचारायला लागल्या तशी विश्वजीतनं माईकवरून तिलाच हाक मारली. कंपनीच्या माणसाच्या तोंडून ऐका, म्हणाला. त्याची खात्री होती. पर्मनंटच्या वाटेवरची पोरगी काय बोलणार?

तनुजानं माईक धरला. 

"हा फोटो मी काढलाय. तो सत्कार होता, करार नव्हता. साहेबाला हातात काय दिलं ते त्याला ठाऊक नव्हतं. कंपनीचा अन् ह्या कॉइनचा काय बी संबंध नाय. पैसे घालू नका."

 मग सोफ्यावरून कडुबा बोलला. त्याला माईक लागत नव्हता.

"पोरी, फेटा मी बांधलाय. माह्या हातानं. मंग मी खोटा का?"

"आबा, तुमी खोटे नाय. तुमाला तुमच्याच नातवानं फसवलंय."

म्हाताऱ्याच्या तोंडावरची कातडी ताठ झाली. सगळं गाव बघत होतं. तो म्हणाला, "तुमच्यात चहा प्यालो तवाच लोकं म्हणले होते, डोक्यावर बसतेन म्हणून."

आधी कुणीतरी मागं हसलं. मग पुढचे हसले. मग सगळे हसले, आणि त्या हसण्यात भीमनगरातल्या काही बायाही होत्या, कारण मोठ्या लोकांत बसल्यावर त्यांच्याबरोबर हसावं लागतं.

विश्वजीतनं माईक परत घेतला. तो खूश दिसत होता. बरं झालं ताई बोलली, म्हणाला. तिच्या अंगातला शर्ट बघा. कंपनीनंच पाठवलीय तिला. का पाठवली, ते समजून घ्या. साहेब लोकांना हा कॉइन आजून स्वस्तात घ्यायचाय. तुम्ही आज घेतला तर भाव चढेल, म्हणून तुम्हाला भीती घालतात. गरिबाचं भलं व्हायला लागलं की असंच होतं.

लोक उठले ते टेबलांकडं धावले. रांग मोडली, ढकलाढकली झाली. तनुजा बोलली नसती तर त्यांतले अर्धे घरी गेले असते. तिच्या खरं बोलण्यानं विश्वजीतचा जितका माल खपला तितका त्याच्या खोट्यानं कधी खपला नव्हता. रांगेत मनकर्णाबाई होती. तनुजानं तिचा पदर धरला, तर तिनं तो झटक्यात सोडवून घेतला.

"गप बस. सगळ्या बाया माह्याकडं बघू राह्यल्या."

तनुजाचं स्टेजवरचं बोलणं कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. आठवडा संपायच्या आत एचआरच्या प्रेरणा मॅडमनी तिला वर बोलावलं. मॅडम पुण्याच्या, आवाज मऊ. व्हिडिओ सुरू होता. शेजारी पासाचा अर्ज ठेवलेला.

"तू खरं बोललीस, हे आम्हाला कळतं," मॅडम म्हणाल्या. "पण कंपनीच्या गणवेशात, परवानगी न घेता बोललीस. आणि इथं तू खोटं नातं लिहिलंयस."

तनुजानं विचारलं, विश्वजीतवर केस करणार का. मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर गेट दिसत होतं. त्या म्हणाल्या, स्थानिक लोकांशी संबंध बिघडवायचे नाहीत, असं वरून सांगितलंय. म्हणजे जमीनवाल्याच्या नातवावर केस केली की गेटवर दगड येतात. भीमनगरातल्या पोरीला काढलं की काहीच येत नाही. मॅडम हे बोलल्या नाहीत. त्यांनी तिला पाणी दिलं आणि ओळखपत्र काढून घेतलं.

कंपनीनं इंग्रजीत दोन ओळींचा खुलासा काढला. आमचा कोणत्याही कॉइनशी संबंध नाही. एका कंत्राटी ट्रेनीनं नियम मोडला, तिला कमी केलंय. विश्वजीतनं तोच खुलासा आपल्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, 'निळ्या कंपनीनं घेतली शिवार कॉइनची दखल.' त्याला शेकड्यानं अंगठे आले.

मग थंडीच्या दिवसांत एका सकाळी ॲपमधून पैसे निघेनात. सर्व्हरचं काम चालू आहे, असं लिहून यायचं. काही दिवसांनी तेही यायचं बंद झालं. मुकुंदवाडीच्या ऑफिसला कुलूप. विश्वजीत गावातच होता, माडीवर. पण माडीवर जाऊन विचारायची कुणाची छाती झाली नाही. बाया मनकर्णाबाईच्या दारात आल्या. तिथं यायला छाती लागत नव्हती.

केसरबाई सगळ्यांत पुढं. तुझी पोरगी आत होती, तिला सगळं ठाऊक होतं, असं ती मनकर्णाबाईला म्हणत होती. तनुजा उंबऱ्यात आली आणि म्हणाली, मी सांगितलं होतं की, स्टेजवर, सगळ्यांसमोर.

"सांगितलं," केसरबाई म्हणाली. "तवा काय फायदा? आधी इचारलं तर ठाऊक नाय म्हणली. नोकरी वाचवत होती. व्हय का नाय?"

तनुजाला तोंड वर करता आलं नाही. तेवढं एक वाक्य खरं होतं आणि त्या एका वाक्यावर बाकीचं सगळं तिच्या डोक्यावर बसलं. सरूबाईनं दारातली माती उचलून घरात भिरकावली. पुंजाराम कामावरून आला, त्यानं ती झाडून काढली. दुसऱ्या दिवसापासून नळावर मनकर्णाबाईची घागर मागं सारायला लागले. सगळ्यांचं भरून झालं की पाणी जायचं.

तनुजा शेंद्र्यातल्या बाकीच्या कंपन्यांत फिरली. मुलाखती चांगल्या व्हायच्या. मग कुणीतरी मोबाईल बघायचं आणि कळवतो म्हणायचं. तिचा व्हिडिओ तिच्या आधी पोचलेला असायचा.

उन्हाळ्यात विश्वजीत पुन्हा भीमनगरात आला. या खेपेला त्यानं चहा घेतला नाही, गरज नव्हती. बायांना दारात जमवून त्यानं सांगितलं की नवीन कॉइन येतोय, शिवार प्लस. जुना देऊन नवा मिळणार, कुणाचा एक पैसा बुडणार नाही. फक्त लोकांचा भरवसा उडालाय. तो परत यायला स्टेजवर असं माणूस पाहिजे ज्यानं आधी विरोध केला होता. त्यानं पोस्टर उलगडलं. त्यावर तनुजाचा फोटो होता, निळ्या शर्टातला, व्हिडिओतून काढलेला. खाली लिहिलं होतं, 'तनुजा मॅडम, माजी क्वालिटी हेड, निळी कंपनी. आता आमच्यासोबत.'

तनुजा म्हणाली, मी येणार नाही. विश्वजीत म्हणाला, माझी जबरदस्ती नाही, आणि गेला. जबरदस्ती करायला बाया होत्या. त्या रोज आल्या. आधी गोड बोलल्या, मग शिव्या दिल्या, मग सरूबाईची पोरगी बाळ घेऊन उंबऱ्यात बसून राहिली. कुणालाही विश्वजीत खरा वाटत नव्हता. पण त्याच्या खोट्याला आणखी माणसं लागली, तर त्यांच्या पैशातून आपले निघतील, हे सगळ्यांना कळलं होतं. पहिल्या खेपेला त्या फसल्या होत्या. या खेपेला त्यांना दुसऱ्यांना फसवायचं होतं.

शेवटी माय बोलली. भाकरी थापत होती, वर बघितलं नाही.

"ते मला नळावर उभं राहू देत न्हाईत, तने. तू जाय."

"माय, पुन्हा लोकं बुडतील."

"बुडू दे. ते आपल्या नळावरचे नसतेन."

लॉन्स तेच होतं. माणसं नवीन होती; जालन्याकडची, पैठणकडची, गाड्या करून आणलेली. तनुजाला नवी साडी नेसवून पुढं बसवलं. पहिल्या रांगेत भीमनगरातल्या बाया होत्या, टाळ्या वाजवायला आणलेल्या, आणि त्या मनापासून वाजवत होत्या. फेटा बांधायला कडुबा आला. त्याचे हात आता जास्त कापत होते. फेट्याचा शेव मागं सोडताना तो तिच्या कानाशी वाकला.

"माही माडी बी लिहून घेतली नातवानं," म्हातारा पुटपुटला. "हस जरा, पोरी. तू हसली तर माडी बी निघंल."

शाल पडली, नारळ आला, आणि विश्वजीतनं काचेचं सन्मानचिन्ह तिच्या हातात दिलं. तिनं ते वाचलं. सगळं, वरपासून खालपर्यंत: माजी क्वालिटी हेड, आता आमच्यासोबत. त्या मांडवात ते वाचणारी ती एकटीच होती. मग तिनं माईककडं बघितलं. माईक विश्वजीतच्या हातात होता आणि तो तिला मिळणार नव्हता.

समोर फोटोवाला एका गुडघ्यावर बसला होता. त्यानं एक काढला, पडद्यावर बघितलं आणि हात वर केला.

"डोळे मिटले मॅडम. अजून एक घेतो. उघडे ठेवा."

तिनं डोळे उघडले. पहिल्या रांगेत मनकर्णाबाई उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि तिच्या शेजारी केसरबाईनं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती.